मी ‘जा’ म्हटलं होतं का?

केम, २० जुलै २०२५

अहो,

काल समुपदेशनाच्या मॅडमनी सांगितलं म्हणून लिहितेय. फोनवर तुम्ही ‘जेवलीस का’ म्हणता, मी ‘जेवले, तुम्ही?’ म्हणते, आणि मग दोघंही दुसऱ्याने फोन ठेवायची वाट बघत बसतो. सोनमने हे मॅडमना आधीच सांगून ठेवलेलं दिसतंय. पोरगी पुण्यात बसून आईबापाची अपॉइंटमेंट घेते आणि आपण शाळेने पालकांना बोलावल्यासारखे जाऊन बसतो. तो जिना चढताना मला सारखं वाटत होतं, ओळखीचं कोणी बघेल. तुम्हालाही वाटलं असणार. नाहीतर खालच्या मेडिकलमध्ये तुम्ही उगीच डोकेदुखीची गोळी कशाला घेतलीत?

जगदेवी मॅडमनी विचारलं, घर का सोडलं? तुम्ही म्हणालात, “तिलाच विचारा.” त्यात चूक काही नव्हतं. मी पण मलाच विचारतेय.

इथे सगळे विचारतात. आल्या आल्या शिवयोगीने मला अंगणात नेलं. एवढा मोठा झालाय, रेल्वेत पॉइंट्समन आहे, पण बहिणीशी असलं बोलताना त्याचे कान लाल झाले. दाजी मारतेत काय, म्हणाला. म्हटलं, नाही. पितेत काय? नाही रे. मग दुसरं काय हाय काय? तेही नाही. “मग का आलीस ग अक्का?” मी चपात्या करायच्यात म्हणून उठून आत गेले. त्याची बायको विजयमाला काही विचारत नाही, ताटात जास्तीची भाजी वाढते. ते विचारण्यापेक्षा वाईट.

काय घडलं ते ओळीने मला पाठ आहे. मे महिन्यात आंघोळ करताना छातीत गाठ हाताला लागली. तुमचा गणवेशांचा सीझन जोरात होता, दिवसभर कटिंग. मी शेजारच्या वच्छलाला घेऊन हॉस्पिटलला गेले. सुई घालून तपासलं. रिपोर्टमध्ये गाठ साधी निघाली, सहा महिन्यांनी परत दाखवा म्हणाले. मी कुणाला काही बोलले नाही. मग जूनच्या शेवटी वच्छलाचा नवरा श्रीमंत तुमच्या दुकानात आला आणि सहज विचारून गेला, वहिनींची तब्येत कशी आहे आता?

तुम्ही घरी येऊन चपला काढता काढता विचारलंत, “मला का नाही सांगितलंस?”

मी कुकर लावत होते. शिट्टी बसवून गॅस मोठा केला. दुसऱ्या दिवशी तुम्ही परत तेच विचारलंत. त्याच्या पुढच्या दिवशीही. आवाज चढवला नाहीत. चढवला असता तर मलाही चढवता आला असता, आणि भांडून मोकळं झालो असतो. तुम्ही नुसतं विचारत राहिलात आणि एका सकाळी मी बॅग भरली. एका प्रश्नामुळे घर सोडलं, हे लोकांना कसं सांगायचं? ऐकायलाच कसंतरी वाटतं.

काल मी मॅडमना म्हटलं, सीझन होता, यांना त्रास नको म्हणून नाही सांगितलं. तुम्ही मान हलवलीत. पण बोलतानाच मला कळत होतं की हे उत्तर नाही. मग काय आहे, ते कळंना.

पुढच्या शनिवारी पॅसेंजरने येते. जाळीच्या कपाटात वरच्या कप्प्यात शेंगाचटणी आहे, ती संपवा, वास लागेल.

सिद्धेश्वरी


केम, १७ ऑगस्ट

अहो,

तुमचं पत्र आलं. ‘पत्र मिळालं. पाऊस नाही. दुसऱ्या मशीनचा बेल्ट बदलला. चटणी संपली. तू लिहिलेलं वाचलं.’ मी विजयमालाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, लई लिहिलंय की वन्सं, आमच्या ह्यांनी तर लग्नाआधी पत्रात नुसती गाडीची वेळ कळवलेली. आम्ही दोघी हसलो. नंतर मी ते परत एकटीने वाचलं. ‘तू लिहिलेलं वाचलं’ याच्यापुढे तुम्ही काहीतरी लिहून खोडलंय. उजेडात धरून बघितलं, पण तुम्ही कापडावर खडूची रेघ पुसता तसं नीट खोडलंय, काही दिसलं नाही.

कालचं मनातून जात नाही. मॅडम म्हणाल्या, एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने फक्त ऐकलेलं परत सांगायचं, आपलं काही घालायचं नाही. मला वाटलं, हे काय बालवाडीचं. मी सुरू केलं. म्हटलं, त्या दिवशी तपासणीच्या टेबलावर झोपले होते तेव्हा मला फार एकटं वाटलं.

मॅडमनी तुम्हाला विचारलं, काय ऐकलंत? तुम्ही म्हणालात, “ती म्हणते, मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.”

मॅडम म्हणाल्या, त्या असं म्हणाल्या नाहीत. मी परत सांगितलं. तुम्ही म्हणालात, ती म्हणते मी धंद्यातच असतो. परत सांगितलं. तुमच्या कपाळावर घाम आला. मला मनातून बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. बघा म्हटलं मॅडम, इतकी वर्षं मी ह्या भिंतीशी बोलतेय.

मग तुमची पाळी आली. तुम्ही रुमालाने कपाळ पुसलंत. मग म्हणालात, “श्रीमंतने विचारलं तेव्हा मला माझ्याच दुकानात परक्यासारखं वाटलं.”

मला विचारलं, काय ऐकलंत? मी लगेच सांगितलं, यांना राग आला.

मॅडम म्हणाल्या, राग हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. मी म्हटलं, बरं, लोकांसमोर कमीपणा वाटला. तेही नाही म्हणाल्या. तुम्ही बोललात ते वाक्य एवढुसं, आणि मला ते परत म्हणता येईना, कारण मी ते ऐकलंच नव्हतं. तुम्ही तोंड उघडायच्या आधीच तुम्ही काय म्हणणार ते मला माहीत होतं, आणि मी तेच ऐकलं.

गाडीत कुर्डुवाडी येईपर्यंत मी ते मनात म्हणत होते. माझ्याच दुकानात परक्यासारखं वाटलं. माझ्याच दुकानात परक्यासारखं वाटलं. अजून मला त्याचा नीट अर्थ लागलेला नाही. राग आला असता तर बरं होतं. रागाचं काय करायचं ते मला येतं.

म्हणजे भिंत दोन्हीकडून होती का? का मॅडमनी आपल्याला उगीच गोंधळात टाकलंय? शिवयोगी म्हणतो, असल्या ठिकाणी गेलं की नसलेली भांडणं निघतेत. तुम्हाला काय वाटतं ते लिहा. खोडू नका.

सिद्धेश्वरी


केम, ७ सप्टेंबर

काल मी मधेच उठून आले म्हणून तुम्ही स्टेशनपर्यंत मागे आलात. मी बघितलं. मुद्दाम बायकांच्या डब्यात चढले.

मला नीट लिहायचंय. तुम्ही काल जे सांगितलंत ते मी परत सांगते, म्हणजे ऐकलं की नाही ते तरी कळेल.

तुम्ही म्हणालात, तुम्हाला श्रीमंतकडून कळलंच नव्हतं. मे महिन्यातच कळलं होतं. तुमच्या पायाचं ऑपरेशन त्याच हॉस्पिटलमध्ये झालं होतं तेव्हा घरचा नंबर म्हणून तुमचा मोबाईल दिलेला, त्यामुळे माझ्या तपासणीचा मेसेज तुमच्या फोनवर आला. माझं नाव, उद्याची तारीख, सकाळी साडेदहा. तो दिवसभर तुम्ही मी सांगायची वाट बघितलीत. मी जेवण वाढलं, सांगितलं नाही. सकाळी डबा दिला, सांगितलं नाही. मग तुम्ही कारागिरांना कापड आणायला जातो म्हणून सांगून हॉस्पिटलला गेलात आणि खाली औषधाच्या दुकानाजवळ बाकावर बसलात. मी आणि वच्छला जिना उतरून आलो तेव्हा तुम्ही खांबामागे सरकलात.

असंच म्हणालात ना? मी माझं काही घातलेलं नाही.

आता माझं. मी वर होते. दिवा तोंडावर होता, पंखा जोरात होता आणि अंगावर पातळ चादर. वच्छलाचा हात धरला होता. ती चांगली बाई आहे, पण ती सारखी तिच्या जावेचं काय झालं ते सांगत होती. मी छताकडे बघून म्हणत होते, आपलं कुणी नाही. आणि तुम्ही खाली होतात. एक जिना खाली. रिपोर्ट यायच्या आदल्या रात्री आपण एका खोलीत झोपलो. तुम्हाला माहीत होतं. मी कूस बदलली की तुमचाही श्वास बदलायचा, मला वाटायचं उकाड्याने.

मॅडमनी विचारलं, हे ऐकून काय वाटतं? मला म्हणायचं होतं, बरं वाटलं. दुसऱ्या कुठल्या बाईला बरंच वाटलं असतं, नवरा धंदा टाकून खाली येऊन बसला म्हणून. आणि मला इतका राग आला की पर्स घेऊन मी उठलेच. वर सहा महिन्यांनी ‘मला का नाही सांगितलंस’ विचारायचं सोंग कशाला? सहा महिने नाही, महिनाभराने. राग आला की माझा हिशेब चुकतो.

राग आणि रडू एकदमच येतंय, कुठलं खरं ते समजत नाही. पुढच्या शनिवारी मी येणार नाही. मॅडमना कळवा.


केम, ५ ऑक्टोबर

री,

अव्वा आमच्या वडिलांना अशीच हाक मारायची, नुसतं ‘री’. कानडी बायका नवऱ्याला असंच म्हणतात. मी लग्नानंतर सोलापुरात आल्यावर ‘अहो’ शिकले. आज हात आपोआप हेच लिहून गेला.

तीन शनिवार मी आले नाही, तरी तुम्ही एकटे जाऊन मॅडमसमोर बसलात, हे सोनमने सांगितलं. म्हणून काल आले. एकटा माणूस तिथे बसून काय बोलत असेल, याचंच मला कुतूहल होतं.

मॅडमनी तुम्हाला विचारलं, खाली बाकावर बसलात, पण वर का नाही गेलात? तुम्ही म्हणालात, तिने बोलावलं नव्हतं. त्यांनी विचारलं, बोलावल्याशिवाय जायचं नाही, हे कुठून आलं? तुम्ही नखातला खडू काढत बसलात. मग मान खाली घालून ते वाक्य म्हणालात, आणि कानडीत म्हणालात. आपल्या घरात तुम्ही कधी कानडी बोलत नाही, अक्कलकोटकडच्या गिऱ्हाइकांशी पण हिंदीत बोलता. “नीव होग्री, निमग आगूदिल्ल.” तुम्ही जा, तुम्हाला व्हायचं नाही.

उच्चार तुमचे मोडके होते, तरी तो माझाच आवाज होता. मला ओळखू आला.

पण मला ते म्हटल्याचं आठवत नाही. खरंच नाही. मला आठवतं ते असं. माहेरी अव्वाची शेवटची दुपार. श्वास ओढत होती, मी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं, आणि तुम्ही बॅग उचलून एसटी पकडायला गेलात. सोनम तेव्हा नववीत होती. एवढी वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही, तुम्हाला तर नाहीच. पण मलाच पुष्कळदा सांगितलंय. भांडी घासताना, तुमची मोजे-बनियनं वाळत घालताना. हा माणूस वेळेला जातो.

आणि तुम्हाला आठवतं ते असं. तुम्ही अव्वाला पाणी पाजत होता, हात कापून पेला सांडला. मी पेला ओढून घेतला आणि ते वाक्य म्हणाले. तुम्ही फाट्यावर जाऊन उभे राहिलात. कोणी बोलवायला येईल म्हणून एक बस सोडलीत. कोणी आलं नाही, तेव्हा दुसरीत चढलात. त्या दिवसापासून तुम्ही ठरवलंत की दुखण्याखुपण्यात आपला उपयोग नाही, आपण बाहेरची कामं करावीत. डबा पोचवावा, रिक्षा आणावी.

काल संध्याकाळी मी शिवयोगीला विचारलं. तो ड्युटीवर निघाला होता, हातात झेंडा. त्याला कसं विचारावं कळेना, शेवटी सरळ विचारलं, अव्वाच्या वेळी मी यांना जा म्हटलं होतं का रे?

“म्हणालीस की अक्का. मी दारातच हुतो.” मग बूट घालता घालता म्हणाला, “पर रागानं न्हाई म्हणालीस. दाजींचा चेहरा पांढरा फट्ट पडलेला, ते बघून म्हणालीस. आन् मला इचारशील तर दाजींनी थांबायलाच पाहिजे हुतं.”

आता मी काय समजू? मी तुम्हाला वाचवायला जा म्हटलं, तुम्हाला ते तुम्ही बिनकामाचे असं ऐकू आलं, तुम्ही माझं ऐकून गेलात आणि मी तुम्ही सोडून गेलात असं धरून बसले. हे आपण दोघांनी मिळून केलं आणि दोघांनाही ठाऊक नाही. विजयमालाला सांगितलं, तर ती पिठाचे हात झटकत म्हणाली, “तुमी पाटवलं आन् ते गेले, दोनी खरंच की वन्सं.” तिला सोपं आहे. मला इतकी वर्षं मनात घोकलेली गोष्ट अशी अर्ध्यातून उसवायची आहे.

मेमध्ये मी तुम्हाला का सांगितलं नाही, त्याचं उत्तर हेच का? सांगून काय, हे जातील, असं मला वाटलं होतं का? का आता ही गोष्ट सापडलीये म्हणून मी ती सगळीकडे लावतेय? काल तिथेच मॅडमना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, मला माहीत नाही, तुम्हा दोघांना शोधावं लागेल. एवढी फी घेतात आणि मला माहीत नाही म्हणतात. पण त्यांनी काहीतरी सांगितलं असतं तर मी त्यावर विश्वास ठेवला नसता.

एक विचारायचंय. ती बस सोडलीत, तेव्हा फाट्यावर किती वेळ उभे होता? उन्हात होता का?

सिद्धेश्वरी


केम, २३ नोव्हेंबर

री,

काल तुम्ही गाडीत बसवून दिलंत आणि गाडी हलल्यावरसुद्धा प्लॅटफॉर्मवर उभे होतात. आज दिवसभर इथे कुंकवाच्या कारखान्यातल्या बायका विजयमालाकडे येऊन बसल्या होत्या, त्यामुळे लिहायला आता बसले.

कालची तपासणी तुम्हालाही माहीत आहे, पण तुम्हाला तुमचा चेहरा दिसला नसेल, म्हणून मी बघितलं ते सांगते.

तुम्ही आत आलात. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी बघून सांगितलं, गाठ वाढलीय, साधीच वाटतेय पण आता काढून टाकू आणि काढल्यावर परत तपासू. मी ऐकलं आणि पहिलं तुमच्याकडे बघितलं. स्वतःचं काही वाटायच्या आधी तुमच्याकडे. चेहरा पांढरा होत चालला होता. आणि माझ्या जिभेवर ते वाक्य आलं. खरंच आलं, तयारच होतं. बाहेर जाऊन बसा की, हे शब्द ओठांपर्यंत आले होते. म्हणजे शिवयोगी खोटं बोलला नाही. मी म्हटलंच असणार, आणि एकदाच नाही, किती वेळा म्हटलं असेल कुणास ठाऊक.

मी काही बोलले नाही. गप्प बसायला मला जेवढा जोर लावावा लागला, तेवढा सुईलाही लागला नव्हता.

तुम्ही टेबलाची कड धरून विचारलंत, पूर्ण भूल देणार का, टाके किती, हात वर करता येईल का तिला. मग तुमचा हात टेबलावरून सुटला. सिस्टरने स्टूल सरकवलं नसतं तर खाली पडला असता. ती पाणी आणायला गेली आणि डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, पेशंट कोण आहे नक्की? मला आधी चीड आली. माझ्या दुखण्यातसुद्धा मीच यांना सांभाळायचं. हीच ती भीती होती बहुतेक, मेमधली. जातील याची नाही. राहतील आणि मला त्यांनाही उचलावं लागेल, याची. आता ही तिसरी गोष्ट झाली, आणि मॅडमना ती सांगितली तर त्या परत शोधा म्हणतील.

पण तुम्ही पाणी प्यायलात आणि स्टूलवरून उठला नाहीत. डॉक्टरीणबाई तारीख सांगत होत्या, तुम्ही ती बोटांनी हवेत लिहून पाठ करत होतात. तुम्हाला उचलावं लागलं, उचललं, आणि मी काही मोडले नाही. एवढंच झालं. एवढ्याची मला इतकी वर्षं धास्ती होती का?

खाली कँटीनमध्ये चहा घेताना तुम्ही म्हणालात, “मला लई भीती वाटते.” इतक्या वर्षांत तुमच्या तोंडून मी हे ऐकलं नव्हतं. मला म्हणावंसं वाटलं, घाबरू नका, साधीच गाठ आहे. मॅडमची आठवण झाली. मी म्हटलं, तुम्हाला लई भीती वाटते. तुम्ही व्हय म्हणालात आणि तुमचा खांदा एकदम खाली आला, ओझं ठेवल्यासारखा. मग तुम्ही मला विचारलंत, आणि तुला? मी म्हटलं, मला पण. तुम्ही म्हणालात, तुला पण. शेजारच्या टेबलावरचा माणूस बघत होता, ही दोघं काय एकमेकांचं म्हणून दाखवतायत म्हणून.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीने येते. घरी राहीन. पुढे टाके काढेपर्यंतही राहीन. त्यानंतर मी परत केमला येईन की नाही, ते मला आज सांगता येत नाही, आणि उगीच गोड वाटावं म्हणून काहीतरी लिहिणार नाही. सोनमने विचारलं तर तिलाही एवढंच सांगा. शनिवारी मॅडमकडे जायचं मात्र थांबवायचं नाही. टाके असले तरी जिना चढेन हळूहळू.

वच्छलाला कळवू नका. ऑपरेशनच्या खोलीबाहेर तुम्ही बसायचं. चक्कर आली तर तिथल्या बाकावर आडवे व्हा, पण तिथेच. मी बाहेर येईन तेव्हा मला शुद्ध नसेल बहुतेक, आणि भुलेत मी कानडीत काहीही बडबडेन. त्यातलं काही मनावर घेऊ नका.

गाठीचा रिपोर्ट यायला आठवडा लागेल म्हणाल्या. काळजी करू नका, असं लिहिणार होते. नाही लिहीत. करा. मीही करतेय.

सिद्धेश्वरी